दोन्हीकडे सारखे व्होल्ट नसले तर ऑप-ॲम्प चालेल का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. कलाभवनातल्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तो विचारला आहे. (विद्यापीठाच्या कागदावर त्या इंजिनिअरिंग विभागाचं नाव लांबलचक आहे, पण बडोद्यात अजून सगळे कलाभवनच म्हणतात.) तिच्या प्रोजेक्टमध्ये टाकीच्या लेव्हल ट्रान्समीटरकडून ४ ते २० मिलिॲम्पिअर येतात आणि पीएलसीला (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरला) ० ते १० व्होल्ट द्यायचे आहेत. पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आहे. एलएम३५८ हा ऑप-ॲम्प (सिग्नल मोठा करणारा आयसी) नुसत्या २४ व्होल्टवर लावला तर टाकी रिकामी असताना आउटपुट शून्यावर येत नाही, थोडं वरच अडकतं. म्हणून तिने ७६६० (प्लस व्होल्टपासून मायनस बनवणारा आयसी) लावून −५ व्होल्ट तयार केले. आता सप्लाय झाला +२४ आणि −५. मैत्रीण म्हणते, पुस्तकात सगळीकडे ±१५ असतं, दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर ऑफसेट (शून्याच्या जागी थोडी चूक) येईल, आयसीही जळेल. "काका, खरं काय?"

खरं असं, की चालेल. दोन बाजू असमान आहेत एवढ्यावरून आयसीला काहीही होत नाही. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझी पस्तीस वर्षं पॅनेलची कार्डं बनवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली, त्यातली निम्मी कार्डं असमान सप्लायवरच चालत होती. पण तुझ्या २४ आणि ५ या आकड्यांत मला एक वेगळी अडचण दिसते, आणि ती मैत्रिणीने सांगितलेली नाही. त्या अडचणीकडे येतोच.

आधी एक आयसी तळहातावर घे आणि पिना मोज. ७४१ किंवा ओपी०७ असेल तर ७ नंबरला प्लस सप्लाय, ४ नंबरला मायनस सप्लाय, २ आणि ३ इनपुट, ६ आउटपुट. १, ५, ८ यांच्यातल्या काही ऑफसेटच्या, काही रिकाम्या. ग्राउंडची पिन कुठे आहे? नाहीच. तुझ्या बोर्डावर शून्य व्होल्ट कुठे मानलेत, हे आयसीला कळायला काही मार्गच नाही. त्याला फक्त दोन टोकं ठाऊक असतात, वरचं आणि खालचं. शून्य ठरवतेस तू: कॉमनला, म्हणजे शून्य मानलेल्या रेषेला, जोडलेल्या तुझ्या रेझिस्टरांनी, रेफरन्सने, ट्रान्समीटरच्या परतीच्या वायरने.

±१५ हा काही निसर्गनियम नाही. सिग्नल ±१० व्होल्टचा, त्याला दोन्हीकडे थोडी मोकळी जागा, म्हणून ±१५ रूढ झाले. फेअरचाइल्डमध्ये बॉब विडलरने १९६४ मध्ये केलेला म्यूए७०२, म्हणजे एका चिपवरचा अगदी सुरुवातीचा ऑप-ॲम्प, नेहमी +१२ आणि −६ वर चालवत. (त्याला ग्राउंडची पिन होती, हा फरक.) पुढे आलेला ७१० कंपॅरेटरही +१२ आणि −६ चाच. ७४१ आला १९६८ मध्ये. तेव्हा असमान सप्लाय हा काही आजकालचा जुगाड नाही.

मग बदलतं काय? मी मनाशी असा हिशेब करतो. +२४ आणि −५ म्हणजे एकूण २९ व्होल्ट. त्याचा मध्य +९.५ वर. म्हणजे आयसीच्या दृष्टीने तू त्याला ±१४.५ चा समान सप्लाय दिलास, फक्त सगळा डोलारा ९.५ व्होल्टने वर उचललास. आता तुझा इनपुट शून्यावर असेल, तर आयसीला तो मध्यापासून ९.५ व्होल्ट खाली दिसतो. कॉमन मोड व्होल्टेज म्हणतात ते हेच. मैत्रिणीचा "ऑफसेट येईल" हा मुद्दा इथे अर्धा खरा ठरतो. ७४१ चा सीएमआरआर, म्हणजे हे कॉमन मोड व्होल्टेज तो किती दाबतो ते प्रमाण, कमीत कमी ७० डीबी, म्हणजे सुमारे ३१६० पट. ९.५ ला त्याने भाग, ३ मिलिव्होल्ट येतात. एवढा ऑफसेट जास्तीचा येऊ शकतो. पण तो ठरलेला, एका जागी थांबलेला असतो. झिरोच्या प्रीसेटने (स्क्रूने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने) निघून जातो. ओपी०७ ला हा आकडा १०० डीबी किंवा त्याहून चांगला मिळतो, तिथे तोच ऑफसेट १०० मायक्रोव्होल्टच्या आत राहतो. सप्लाय हलला तर मात्र मध्यही हलतो. म्हणून दोन्ही सप्लाय रेग्युलेटेड असावेत, हा आग्रह मी धरतो.

डेटाशीटही याच नजरेने वाचायचं. तिथे लिहिलेलं असतं "±१५ वर इनपुट ±११ पर्यंत". तुझा सप्लाय तसा नाही, म्हणून ते कोष्टक निरुपयोगी होत नाही. टोकापासूनचं अंतर काढायचं. टीएल०७२ ला हमी ±११ ची, म्हणजे खालच्या टोकापासून ४ व्होल्ट वर राहायला हवं. खालचं टोक −५ असेल तर इनपुट −१ च्या खाली न्यायचा नाही. ओपी०७ ला ±१३, म्हणजे २ व्होल्टचं अंतर. −५ वर इनपुट −३ पर्यंत चालतो. एलएम३५८ ला खालच्या टोकापर्यंत थेट मुभा आहे, वर मात्र दीड व्होल्ट सोडायचे. आउटपुटचंही तसंच. ओपी०७ चं आउटपुट ±१५ वर ±१२ पर्यंत धरून चालायचं, म्हणजे दोन्ही टोकांपासून ३ व्होल्ट आत. ही वजाबाकी वहीच्या कोपऱ्यात एकदा करून ठेवली की सप्लाय कितीही वाकडा असो, घोटाळा होत नाही.

ती वजाबाकी मी एकदा नीट केली नव्हती.

नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीवर पीएच मोजणारं माझं कार्ड होतं. आम्लाचं पाणी आलं की कार्ड सांगणार, कॉस्टिकचा (अल्कलीचा) डोसिंग पंप सुरू होणार, पाणी सातच्या आसपास आलं की पंप बंद. काचेचा इलेक्ट्रोड २५ अंशांना दर पीएचला सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो. सातला शून्य, आम्लाकडे प्लस, अल्कलीकडे मायनस. इलेक्ट्रोडचा अंतर्गत रोध प्रचंड, म्हणून पहिल्या टप्प्याला जेफेट इनपुटचा, म्हणजे इनपुटला जवळजवळ प्रवाहच न ओढणारा, टीएल०७४ घेतला होता. कार्डावर असे दोन टीएल०७४, प्लसला १२ व्होल्ट आणि मायनसला ७६६० चे −५. इनपुट खाली जाऊन जाऊन −०.४ व्होल्ट जाणार, हमी −१ पर्यंतची. जागा भरपूर आहे असं मी धरलं.

दोन वर्षं कार्ड नीट चाललं. मग एका मे महिन्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन आला: मीटर शून्य पीएच दाखवतोय, कॉस्टिकचा पंप थांबायला तयार नाही, आणि पाण्यात बुडवलेला पीएच पेपर गडद निळा येतोय. त्याने पंप मॅन्युअलवर टाकून बंद केला होता, म्हणून पुढचं टळलं. पाणी अल्कली होतं, कार्ड सांगत होतं तीव्र आम्ल आहे, आणि पंप अल्कलीत अजून अल्कली ओतत होता.

दुसऱ्या दिवशी कार्ड बाकावर घेतलं. इलेक्ट्रोडच्या जागी मिलिव्होल्ट सोर्स लावला आणि हळूहळू खाली आणत गेलो. −५०, −१००, सगळं बरोबर. −१५० च्या जवळ गेल्यावर पहिल्या टप्प्याचं आउटपुट एकदम उसळून प्लसच्या टोकाला गेलं. टीएल०७४ चा हा जुना स्वभाव आहे: इनपुट खालच्या टोकाच्या फार जवळ गेला की आउटपुटची दिशा उलटते, फेज रिव्हर्सल. पण −०.१५ व्होल्टला का? टीएल०७४ च्या ११ नंबरच्या पिनवर मीटर लावला. −५ हवे होते, तिथे होते −३.१. तिथून चार व्होल्ट वर म्हणजे +०.९. हमीची हद्द शून्याच्याही वर गेली होती. प्रत्यक्ष आयसी हमीपेक्षा थोडे बरे असतात, म्हणून −०.१५ पर्यंत तरी त्याने दम धरला.

आणि −३.१ का? इथेच ती गोष्ट आहे, जी मला तुला सर्वांत आधी सांगायची होती. ऑप-ॲम्पला ग्राउंडची पिन नाही, म्हणजे प्लसच्या पिनेतून जो प्रवाह आत शिरतो, तो आउटपुटला लोड नसेल तर सगळाच्या सगळा मायनसच्या पिनेतून बाहेर पडतो. बाहेर पडायला दुसरी वाटच नाही. "मायनसला नुसता नावापुरता सप्लाय, त्याच्यावर लोड कुठे आहे?" असं बरेच जण म्हणतात, मीही तसंच धरलं होतं. टीएल०७४ मध्ये चार ॲम्प्लिफायर, प्रत्येकी साधारण १.४ मिलिॲम्पिअर. दोन आयसी म्हणजे सुमारे ११ मिलिॲम्पिअर, आणि ते सगळे बिचाऱ्या ७६६० ने ओढायचे. ७६६० चा आउटपुट रोध साधारण ५५ ओहम. म्हणजे नव्या कार्डावरही −५ च्या जागी −४.४ च होते. त्यात पॅनेलमधल्या उकाड्याने, ७६६० ज्याच्या जोरावर मायनस व्होल्ट पंप करतो तो इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वाळला. १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर काढून मोजला तर एकाच्याही खाली. तो वाळला की रोध तिप्पट होतो, आणि मायनस सप्लाय वर सरकतो. कुठला दिवा विझत नाही, काही जळत नाही, सातच्या खालची रीडिंगं अगदी बरोबर येत राहतात.

त्या कार्डाचा पहिला टप्पा मी सीए३१४० वर नेला. त्याचा इनपुट मॉसफेटचा, आणि मायनस टोकाच्या अर्धा व्होल्ट खालीसुद्धा चालतो. ७६६० काढूनच टाकला. ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा होताच, त्यावर ७९०५ (−५ व्होल्टचा रेग्युलेटर) बसवला. ७९०५ लावणार असशील तर दोन गोष्टी लक्षात ठेव. त्याच्या पिना ७८०५ सारख्या नाहीत: पहिली ग्राउंड, मधली इनपुट, तिसरी आउटपुट. आणि त्याची पाठीची पट्टी ग्राउंडला नसते, इनपुटला असते. ती तशीच पॅनेलच्या पत्र्याला स्क्रूने आवळली तर शॉर्ट होणारच.

आता तुझं सर्किट.

पहिली अडचण एकूण व्होल्टेजची. २४ आणि ५ मिळून २९. एलएम३५८ ची कमाल मर्यादा ३२. कागदावर बसतं. पण पॅनेलमधल्या एसएमपीएसला शेजारी एक प्रीसेट असतो, आणि लांब वायरींचा ड्रॉप भरून काढायला कोणीतरी तो २८ पर्यंत वर नेऊन ठेवलेला असतो. असे पॅनेल मी कित्येक पाहिलेत. २८ आणि ५ झाले ३३. शिवाय त्याच २४ वर रिले आणि सोलेनॉइड असतात, त्यांचे झटके वेगळे. मैत्रीण म्हणते तसा आयसी जळालाच, तर तो या बेरजेने जळेल. प्रत्येक आयसीची मर्यादा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायची असते. टीएल०७२ ला ती ३६ आहे, तरी थेट २४ वर मी तोही लावणार नाही.

म्हणून २४ वर ७८१५ (+१५ व्होल्टचा रेग्युलेटर) बसव. सप्लाय होईल +१५ आणि −५. एकूण २०, मध्य +५. आणि तुझं आउटपुट किती? ० ते १०. त्याचाही मध्य ५. तुझ्या सिग्नलसाठी हाच सप्लाय समान आहे. ±१५ दिला असतास तर तोच एका बाजूला कलला असता आणि खालचे दहा-बारा व्होल्ट नुसते पडून राहिले असते. ट्रान्समीटरच्या लूपचे ४ ते २० मिलिॲम्पिअर २५० ओहममधून नेले की १ ते ५ व्होल्ट येतात, तेही या मध्याच्या आसपासच. त्यातून १ व्होल्ट वजा करून अडीच पट करायचं, झालं काम. आयसी ओपी०७ घे: वर हिशेब केला तसा त्याचा इनपुट −३ ते +१३ आणि आउटपुट −२ ते +१२ पर्यंत जाईल, तुला लागतात ० ते १०. तो मायनसमधून साधारण पावणेतीन मिलिॲम्पिअर सोडेल, ७६६० वर दीडशे मिलिव्होल्ट पडतील, एवढं चालतं. ७६६० ला मात्र ७८०५ चे ५ व्होल्टच दे. त्याची मर्यादा १० च्या आसपासची आहे, चुकून १५ दिलेस तर तो तिथेच संपेल.

७६६० च्या ५ नंबरच्या पिनवर, म्हणजे जिथे −५ येतात तिथे, एक डायोड लाव: ॲनोड −५ ला, कॅथोड कॉमनला. १एन५८१९ चांगला. सप्लाय चालू होताना १५ व्होल्ट आधी चढले आणि ७६६० अजून झोपेत असला, तर ऑप-ॲम्पमधून आलेला तोच प्रवाह मायनसच्या रेषेला शून्याच्या वर ढकलतो. ७६६० ला ते सोसत नाही, तो लॅच होतो (अडकून बसतो), आणि मग पुन्हा सप्लाय बंद-चालू केल्याशिवाय सुटत नाही. दहा वेळा चालू केलं तर नऊ वेळा नीट, एकदा नाही, अशी तक्रार आली की मी आधी हा डायोड शोधतो. बहुतेक वेळा तो नसतोच.

७६६० दर सेकंदाला साधारण पाच हजार वेळा पंप मारतो, त्याची धडधड मायनसच्या रेषेवर येते. बऱ्याच ऑप-ॲम्पमध्ये वरच्या फ्रीक्वेन्सीला मायनस बाजूची गडबड प्लसपेक्षा जास्त आत शिरते. मध्ये ४७ ओहम आणि ४७ मायक्रोफॅरड टाक, तुझ्या संथ सिग्नलला तेवढं पुरे. कॅपॅसिटर लावताना प्लस टोक कॉमनकडे, मायनस टोक −५ कडे. सवयीने हात उलटा जातो.

मायनस सप्लाय दिल्यावर एक नवी गोष्ट घडेल, जी आधी झाकलेली होती. लूपची वायर तुटली तर ४ च्या जागी ० मिलिॲम्पिअर, इनपुट शून्य, आणि आउटपुट −२.५ व्होल्टकडे धावेल. पीएलसीच्या इनपुटला मायनस सोसतं का हे त्याच्या पुस्तकात बघ. सोसत नसेल तर आउटपुटला १ किलोओहम सिरीजमध्ये, त्यापुढे कॉमनवर शॉट्की डायोड, कॅथोड आउटपुटच्या बाजूला; फीडबॅक मात्र त्या १ किलोओहमच्या पुढून घ्यायचा, नाहीतर पीएलसीच्या इनपुट रोधाने स्पॅन (० ते १० चा पल्ला) घसरतो. १ किलोच का? डायोड लागू झाला की तो प्रवाह पुन्हा ७६६० मधूनच ओढला जातो. १०० ओहम टाकलेस तर −५ कोसळतील.

ऑफसेटचा प्रीसेट लावणार असशील तर ओपी०७ ला मधला पाय प्लस सप्लायला जातो, ७४१ ला मायनसला. दोन्हींत कॉमनला नाही. समान सप्लायवर काम करणारेही इथे चुकतात.

हे सगळं डीसी सिग्नलचं झालं. ऑडिओला हिशेब वेगळा, तिथे सिग्नल शून्याच्या दोन्हीकडे सारखा हलतो. नवरात्राआधी गरब्याच्या साउंडवाल्यांचे मिक्सर माझ्याकडे येतात. त्यात एका बाजूचा रेग्युलेटर बसलेला असला की ढोलाचा ठोका खालून कापला जातो आणि आवाज चिरकतो. +१२ आणि −५ वर टीएल०७२ वरच्या बाजूला दहा-साडेदहापर्यंत जाईल, खाली साडेतीनलाच अडेल. वरचे सात व्होल्ट तिथे काहीच कामाचे नाहीत. तिथे समान सप्लायच हवा.

बोर्ड पहिल्यांदा चालू करताना ऑप-ॲम्प सॉकेटात बसवू नकोस. मीटरचा काळा प्रोब कॉमनला धरून ७ नंबरच्या खोबणीत +१५ बघ, ४ नंबरच्या खोबणीत −५ बघ. मग काळा प्रोब कॉमनवरून काढून ४ नंबरला लाव, लाल ७ नंबरला. वीसच्या आसपास दिसलं तर बंद करून आयसी बसव, पुन्हा चालू कर, आणि ४ नंबरची पिन परत मोज. आयसीसकट ती −४.६ पेक्षा वर आलेली असेल, तर आधी ७६६० कडे जा, ऑप-ॲम्पला हात लावू नकोस.